दीड इंचाचा हिशेब

रिकामी पिकअप बाजूने बघितली की ती नाक खाली आणि शेपूट वर करून उभी असते. टोयोटा हायलक्स घ्या किंवा इसुझू व्ही-क्रॉस, मागचं मडगार्ड पुढच्यापेक्षा बोट-दोन बोटं उंच दिसतंच. गाडी घेऊन दोन-तीन महिने झाले की मालकाच्या डोळ्यांना ते खुपायला लागतं आणि लिफ्टचे, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच केलेल्या गाड्यांचे, फोटो बघण्याचा काळ सुरू होतो. त्या तिरकेपणात कारखान्याचा विचार आहे. गाडी आखणाऱ्याने ती रिकामी कल्पिलेलीच नाही. हौद्यात तीन-चारशे किलो पडले की मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, बसतात, शेपूट खाली येतं आणि गाडी सपाट होते. आपण तिला ऑफिसला, शाळेला आणि भाजीला रिकामी नेतो, हा आपला प्रश्न.

लिफ्ट ही काही परदेशातून आलेली चैन नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर उभ्या पिकअप वाकून बघा. कितीतरी गाड्यांच्या मागच्या पाट्यांत एक जादा पाटा सरकवलेला असतो. रिकामी असताना तशी गाडी खड्ड्यावरून दगडासारखी उडते, पण क्रेट चढले की शांत होते. त्या माणसाने वजनासाठी पाटा घातलाय, उंची त्याला फुकट मिळाली. रोजच्या वापराची पिकअप नेमकी उलटी असते. तिला उंची हवी असते आणि वजन नसतं. हा फरक डोक्यात पक्का नसला की निवड पहिल्या पायरीवरच चुकते.

मुळात उंची येते कुठून? चाकाला वर-खाली जाण्यासाठी एक ठरावीक प्रवास असतो. गाडी उभी असते त्या जागेपासून थोडा प्रवास वर, म्हणजे धक्का खायला, आणि थोडा खाली, म्हणजे खड्ड्यात चाक लोंबायला. समजा खाली लोंबायला ९० मिमी आहेत. शॉकअप तोच ठेवून गाडी ४० मिमी वर केली, तर लोंबायला ५० उरले. उंची उधार घेतलीय, आणि ती खालच्या प्रवासातून घेतलीय. मग पावसाळ्यातल्या खड्ड्यात चाक उतरतं, शॉकअप पुरा लांबतो आणि आतल्या आत ठक्कन आपटतो. पुष्कळ लोक हा आवाज बॉल जॉइंटचा, म्हणजे आर्मला चाकाशी जोडणाऱ्या गोल सांध्याचा, समजून जॉइंट बदलत बसतात.

म्हणून विकत काय घ्यायचं, याचं उत्तर उंची हे नाही. थोडा लांब शॉकअप आणि त्याला जुळणारी स्प्रिंग, हे घ्यायचं. दीड इंच, म्हणजे ४० मिमीच्या आसपास, त्याबरोबर आपोआप येतात.

पुढच्या बाजूला या गाड्यांना वर-खाली दोन आर्म आणि मधे स्प्रिंग चढवलेला शॉकअप असतो. स्वस्तातला मार्ग म्हणजे स्पेसर. शॉकअपच्या डोक्यावर, टॉप माउंट आणि चेसिसच्या मधे एक चकती. इथे पहिली फसगत ठरलेली आहे. शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मधोमध टेकतो आणि चाक त्या आर्मच्या टोकाला असतं. त्यामुळे २० मिमीची चकती चाकाजवळ जवळजवळ दुप्पट, म्हणजे ४० मिमीच्या घरात उंची देते. हे माहीत नसलेला माणूस ४० मिमी लिफ्ट हवी म्हणून ४० मिमीची चकती मागवतो आणि गाडी तीन इंच आकाशाकडे तोंड करून बसते. शिवाय ही चकती अख्खा शॉकअपच खाली ढकलते. चाक पूर्ण लोंबलं की ते आता मूळ मर्यादेच्याही खाली जातं, वरचा बॉल जॉइंट टोकाला पोचतो आणि वरचा आर्म स्प्रिंगला घासायला लागतो. स्प्रिंगच्या एका वेढ्यावरचा रंग उडून चमकदार चट्टा दिसला की समजायचं.

दुसरा मार्ग स्प्रिंग दाबून बसवण्याचा. शॉकअपवरची स्प्रिंगची बैठक वर सरकवायची. बिल्स्टाइन ५१०० सारख्या शॉकअपला त्यासाठी खाचाच असतात, हव्या त्या खाचेत रिंग अडकवायची. इथे चाक मूळ मर्यादेपेक्षा खाली जात नाही, म्हणून जॉइंट सुरक्षित राहतात. पण खालचा प्रवास कमी होतो तो होतोच. ‘दाबली म्हणून स्प्रिंग कडक झाली’ असं गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात, ते खरं नाही. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. लोंबायला जागा उरली नाही म्हणून गाडी आपटते आणि अंगाला ते कडक लागतं.

तिसरा मार्ग पूर्ण संच: नवी स्प्रिंग आणि तिच्या मापाचा शॉकअप. ऑस्ट्रेलियातल्या ओल्ड मॅन इमूसारखे संच याच हिशेबाने बनतात आणि एकाच गाडीसाठी पुढच्या स्प्रिंग दोन-तीन वजनांच्या मिळतात: मूळ बंपरसाठी एक, लोखंडी बंपरसाठी एक, बंपर अधिक विंचसाठी (अडकलेली गाडी ओढून काढणारी मोटर आणि दोर) एक. आता लोखंडी बंपर पन्नास-साठ किलो आणि विंच तिच्या दोरासकट पस्तीस-चाळीस किलो धरा. शंभर किलो पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकले की मूळ स्प्रिंग वीसेक मिमी तरी बसते. ज्याला बंपर लावायचाच आहे त्याने आधी बंपर लावावा, मग स्प्रिंग निवडावी. आणि ज्याला लावायचा नाही त्याने ‘पुढेमागे लागेल’ म्हणून जड स्प्रिंग घेऊ नये. रिकाम्या नाकावर जड स्प्रिंग म्हणजे लिफ्ट ठरवल्यापेक्षा जास्त आणि प्रत्येक गतिरोधकावर मानेला हिसका. मूळ शॉकअप तसाच ठेवून फक्त जड स्प्रिंग घातली तर आणखी वाईट. शॉकअपला ती स्प्रिंग परतीच्या वेळी आवरत नाही आणि नाक दोन-तीन वेळा डोलत राहतं.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी बांधू नये. हायवेवरच्या कुठल्याही वजनकाट्यावर टाकी भरून, नेहमीचं सामान आणि नेहमीची माणसं घेऊन जायचं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं. तीन पावत्या. किती वजन कुठे आहे ते कळतं आणि स्प्रिंग विकणाऱ्याशी बोलायला आकडा हातात असतो. हे काम शंभर-दोनशे रुपयांचं असूनही फारसं कुणी करत नाही, याचं नवल वाटतं.

चाळीस मिमीवरच का थांबायचं? कोन म्हणून. फोर-बाय-फोर गाडीत पुढच्या डिफरन्शियलपासून चाकांपर्यंत दोन शाफ्ट जातात आणि त्यांच्या टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात वाकूनही फिरणारे सांधे, असतात. गाडी वर गेली की डिफरन्शियल वर जातं, चाक जमिनीवरच राहतं, शाफ्ट तिरका होतो. ज्या गाड्यांत चाकाच्या हबला लॉक-अनलॉकची सोय नाही, त्यांत टू-व्हील मोडमध्येही हे शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतात. म्हणजे तिरक्या कोनातली झीज रोजच्या ऑफिसच्या फेरीतही चालू. आधी जॉइंटवरच्या रबरी बुटाच्या, म्हणजे टोपणाच्या, घड्या एकमेकींना घासतात, बूट फाटतो, रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतात. मग धूळ-चिखल आत, आणि पूर्ण वळवताना कटकट आवाज. साधारण ५० मिमीपर्यंत मूळ जॉइंट निभावतात. त्यापुढे डिफरन्शियल खाली उतरवणारे ठोकळे घालावे लागतात. म्हणजे वर जायला पैसे मोजायचे, आणि वर नेलेल्यातलाच एक भाग खाली आणायला पुन्हा मोजायचे.

अलाइनमेंटचंही तेच. गाडी वर गेली की टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर झुकण्याचा कोन) बदलतो आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो ना, तोच. याच्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होतं. तो घटला की शहरात काही कळत नाही, पण एक्सप्रेस वेवर नव्वद-शंभरला गाडी भरकटल्यासारखी वाटते, सतत बारीक सावरावी लागते. ४० मिमीवर खालच्या आर्मच्या बोल्टांनी कॅस्टर बहुधा कंपनीच्या मर्यादेत बसतो. जास्त उचलली तर वेगळ्या मापाचे वरचे आर्म घ्यावे लागतात. अलाइनमेंटच्या दुकानात ‘टो केला, बाकी ओके’ एवढ्यावर उठू नये. तिन्ही कोनांचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागावा आणि दोन्ही बाजूंचा कॅस्टर जवळपास सारखा आहे का ते बघावं. स्थिरता नियंत्रण असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही स्कॅनरने शून्यावर आणून घ्यावा, नाहीतर सरळ रस्त्यावर डॅशबोर्डचा दिवा लागून बसतो.

आता मागची बाजू. पाट्यांची दुनिया जुनी आहे आणि आपले मिस्त्री तिच्यात तरबेज आहेत, त्यामुळे इथे चुका कौशल्याच्या कमी आणि निवडीच्या जास्त होतात. जादा पाट्याचं वर आलंच. त्याने कडकपणा वाढतो, रिकाम्या गाडीला तो नको. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी, हा स्वस्त उपाय, पण त्याचं गणित स्पेसरच्या उलट आहे: शॅकल ५० मिमीने लांबवली तर एक्सलजवळ उंची निम्मीच, २५ मिमी मिळते. शिवाय पाट्याचं एकच टोक खाली गेल्याने एक्सलचं तोंड फिरतं आणि प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा, कोन बिघडतो. ठोकळा, म्हणजे पाटा आणि एक्सलच्या मधला ब्लॉक, पाट्याचा मऊपणा बिघडवत नाही. २५ मिमीचा एकच ठोकळा, मधल्या बोल्टचं डोकं त्याच्या भोकात नीट बसलेलं, त्याची खुंटी एक्सलच्या बैठकीत नीट गेलेली आणि पाटा एक्सलला बांधणारे तेवढे लांब नवे यू-बोल्ट, एवढं पाळलं तर रोजच्या गाडीला तो चालतो. एकावर एक दोन ठोकळे मात्र कधीच नाहीत. जोरात वेग घेताना किंवा ब्रेक मारताना एक्सल स्वतःभोवती पिळायला बघतो आणि पाटा एस आकारात वाकतो. ठोकळा जितका उंच, तितकी त्या पिळण्याची तरफ लांब.

सर्वांत बरा मार्ग नव्या पाट्यांचा संच, पण तोही वजन बघून. हे संच कायमच्या वजनाच्या हिशेबाने विकले जातात. हौद्यावर झाकण, आत थोडी हत्यारं आणि एक स्टेपनी असेल तर हलका संच. कायम तीनशे किलो वाहणाऱ्यासाठी बनवलेला संच उंची जास्त देतो म्हणून उचलून आणला तर नारायणगावची रिकामी पिकअपच घरी आणली. मागे बसलेल्या आईला वरंधा घाटात कंबर धरावी लागते, मग घरात त्या लिफ्टचं नाव काढता येत नाही.

मागचं आणखी एक दुखणं म्हणजे थरथर. या गाड्यांचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधे रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. उंची वाढली की तिथला कोन बदलतो आणि सिग्नलवरून निघताना वीस ते चाळीसच्या वेगात बुडाखाली एक घुरघुर जाणवते. क्लच किंवा गिअरबॉक्स उघडण्याआधी सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट आणि चेसिसच्या मधे आठ-दहा मिमीच्या चकत्या घालून बघाव्यात, किंवा पाटा आणि एक्सलच्या मधे दोन अंशांची पाचर. बहुतेक वेळा तेवढ्याने जाते.

ब्रेकचं बारकाईने बघावं. काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चेसिसपर्यंत एक दांडी असते, ती मागची उंची मोजते आणि त्यावरून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते एक व्हॉल्व्ह ठरवतो. शेपूट वर गेलं की व्हॉल्व्हला वाटतं हौदा एकदम रिकामा आहे, आणि तो मागचा दाब कमी करतो. गाडी वर, ब्रेक कमी. उपाय सोपा आहे, दांडीचा ब्रॅकेट तेवढ्याच मापाने सरकवायचा. पण आधी ती दांडी आपल्या गाडीला आहे का, हे खाली वाकून बघायला हवं.

बसवण्याच्या दिवशीचा खरा शहाणपणा मोजमापात आहे. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नये, त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. चाकाच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावं, चारही चाकांना, सपाट फरशीवर, टाकीत ठरावीक डिझेल ठेवून. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजली तर आकडा खोटा येतो, कारण चाकं आत ओढलेली असतात. दहा मीटर पुढे-मागे फिरवून, थोडी दाबून मग टेप लावायचा. ड्रायव्हरची बाजू पाच-दहा मिमी खाली असणं सामान्य आहे.

आणि एक चूक, जी चांगल्या गॅरेजातही दिसते. आर्मचे आणि पाट्यांच्या डोळ्यांचे बोल्ट रबरी बुशांतून जातात. गाडी जॅकवर लोंबत असताना ते पूर्ण आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत घट्ट पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरवली की कायमचं पिळलेलं राहतं. सुरुवातीला गाडी जरा जास्त उंच दिसते, मालक खूश होतो. पाच-सहा महिन्यांत बुश फाटतात. हे बोल्ट हाताने लावून, गाडी चाकांवर उतरवून, तिच्या नेहमीच्या उंचीवर टॉर्क रेंचने आवळायचे. यू-बोल्टचं उलटं: ते एकदा ताणले गेले की संपले, जुने पुन्हा वापरायचे नाहीत. स्प्रिंग दाबण्याचं काम घरच्या अंगणात करू नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंची ताकद अडकलेली असते आणि दाब देणारा शिकंजा निसटला तर हात वाचवायची संधी मिळत नाही.

सगळं बसलं की चाकं लोंबती ठेवून एकदा टॉर्च घेऊन फिरावं. ब्रेकचा होज ताणलाय का, एबीएसची वायर कुठे ओढली जातेय का, मागच्या डिफरन्शियलच्या ब्रीदरची, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी, नळी पुरतेय का. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा तेच बघायचं.

टायरचा मोह इथेच शिरतो. एक गोष्ट लिफ्ट विकणारे हळू आवाजात सांगतात: सस्पेन्शन लिफ्टने मागच्या एक्सलचा गोळा, म्हणजे मधलं डिफरन्शियलचं घर, जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. वर जाते ती चेसिस. गोळा फक्त मोठ्या टायरने उचलला जातो. हायलक्सचा २६५/६० आर १८ टायर सुमारे ७७५ मिमी उंच आहे. २६५/६५ आर १८ घातला तर ८०२, म्हणजे गोळा १३ मिमी वर, आणि स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी सुमारे १०३ ने धावते. गिअर तेवढे लांब पडतात, टायर जड होतो, गाडीचा वेग पकडण्याचा जोर आणि मायलेज दोन्ही थोडे उतरतात. पोट घासण्याची तक्रार असेल तर मात्र लिफ्ट खरोखर कामाची आहे. ३०८५ मिमी व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली, गाडी उंच गतिरोधकावर मधोमध टेकते, आणि ४० मिमीने तो मधला कोन साधारण तीन अंशांनी सुधारतो. गतिरोधक कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद. तसे बांधले असते तर निम्म्या लिफ्ट विकल्याच गेल्या नसत्या.

हेडलाइट हा समोरच्याचा प्रश्न आहे म्हणून विसरला जातो. फक्त नाक ४० मिमी उचललं तर गाडी पाऊण अंश मागे कलते. पाऊण अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं; पण २५ मीटरवर प्रकाशाची कड ३२ सेंमी वर जाते, थेट समोरच्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांत. हौद्यात वजन पडलं की आणखी वर. भिंतीसमोर गाडी लावून लिफ्टच्या आधी प्रकाशाच्या कडेवर चिकटपट्टी लावून ठेवावी आणि नंतर त्याच जागेवरून दिवे खाली आणावेत. नाक अगदी सपाट करण्यापेक्षा पुढे ४० आणि मागे २०-२५ असं ठेवलं की शेपूट किंचित वर राहतं. डोळ्यांना ते थोडं कमी देखणं, पण कोकणातून आंब्याच्या पेट्या भरून आणताना गाडी सरळ दिसते.

कायद्याची बाजू टाळून चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हे आणखी कडक अर्थाने उचलून धरलं. त्यामुळे खरेदीआधी आपल्या आरटीओत विचारावं, विमा कंपनीला लेखी कळवावं आणि वॉरंटीतल्या गाडीचं सेवा केंद्र काय म्हणतं तेही लेखीच घ्यावं. मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि बोल्ट पिशवीत भरून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावेत. गाडी विकताना तर ते लागतातच.

रोजच्या वापरात ४० मिमी कुठे जाणवतात? मॉलच्या तळघरात २.१ मीटरची पाटी असते आणि छतावर कॅरिअर असेल तर तिथे श्वास रोखावा लागतो. साडी नेसलेल्या आजीला चढताना पायरी आधीच उंच होती, आता आणखी दीड इंच. फुटबोर्ड नसेल तर लिफ्टच्या पैशांतून आधी तो घ्यावा.

नव्या स्प्रिंग पहिल्या हजार किलोमीटरमध्ये पाच-दहा मिमी बसतात. पाचशेला यू-बोल्ट आणि आर्मचे बोल्ट पुन्हा रेंचने तपासायचे, हजाराला चारही मापं पुन्हा घ्यायची, आणि शेवटचं अलाइनमेंट त्यानंतर.